रुख्माबाईचे दोन जबाब

रुख्माबाईबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. या बाईचं जे नुकसान झालं, त्यात माझा हात आहे. गाव मला भला माणूस समजतं, येता-जाता गुरुजी गुरुजी करतं. करू दे.

दरेकसाच्या प्राथमिक शाळेवर मी सत्तेचाळीस साली आलो. चौथीच्या वर्गात टेकचंद नावाचा एक मुलगा होता. गणितात असा हुशार की कधी कधी मलाच घाम फुटायचा. त्याच्या मागे आईबाप नव्हते, एक थोरली बहीण होती. थोरल्या बहिणीला इकडे बाई म्हणतात. ही बाई म्हणजे रुख्मा. तिशीतली विधवा, काटक, बोलायला फटकळ. आई गेली तेव्हा टेकचंद दीड वर्षाचा होता. बहिणीनं त्याला सासरी आणलं आणि आपल्याच पोरासारखा वाढवला. तिला स्वतःचं मूल झालं नाही. तो सोडून जगात तिचं कोणी नव्हतं.

तिचा नवरा मनिराम कसा गेला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घराला आडवं टाकायला त्यानं जंगलातलं एक सागाचं लाकूड तोडलं होतं. आठ दिवसांनी खाकी कपड्यातली दोन माणसं गावात आली आणि मनिराम कोण म्हणून विचारू लागली. शेजारच्या म्हाताऱ्यानं भोळेपणानं घर दाखवलं. मनिरामला नेलं. तीन महिन्यांनी परत आला तो खोकत आला आणि वर्षाच्या आत गेला. तेव्हापासून गावाचा एक रिवाजच पडला. खाकीवाल्यानं कोणाचंही नाव विचारलं की ‘ठाऊक नाई’ म्हणायचं. लहान पोरंसुद्धा हे शिकून शाळेत यायची. मी त्यांना पाढे शिकवायचो, हे त्यांना घरी शिकवलेलं असायचं.

टेकचंद गोंदियाला हायस्कूल, मग नागपूरला इंटर असा शिकत गेला आणि छप्पन साली फौजेतल्या अफसराच्या परीक्षेला बसला. निवड झाली. भंडारा जिल्ह्यातल्या या जंगलातला पोरगा दोन वर्षांसाठी देहराडूनला निघाला, तेव्हा रुख्माबाई स्टेशनवर एवढंच म्हणाली, “पोट भरून जेवजो.”

पत्रं मी वाचायचो आणि मीच लिहायचो. संध्याकाळी तिच्या अंगणात बाजेवर बसून वाचायचं, ती खाली बसून सूप हातात घेऊन ऐकायची. पहिले सहा महिने पोराचे फार हाल झाले. पाठीवर ओझं घेऊन मैलोगणती पळवायचे, बुटांनी पाय सोलून निघायचे. इंग्रजी बोलताना अडखळला की बाकीची मुलं हसायची. जेवण काट्याचमच्यानं. हे ऐकून रुख्माबाईनं विचारलं, “काऊन? त्याच्या हाताले का झालं?” मी समजावून सांगितलं, तरी तिला ते काही पटलं नाही.

तिला जमेल ते ती करत होती. पायाला लावायला करंजाचं तेल पाठवलं. घरच्या धानाचे पोहे स्वतः कांडून पार्सलनं धाडायची, इतके की टेकचंदला ते अख्ख्या खोलीत वाटावे लागायचे. मग हसणारी मुलंच पोहे मागू लागली. पहाटे पाचला पळायला नेतात असं एका पत्रात होतं. दुसऱ्या दिवसापासून ही पाचला उठून उखळापाशी बसायला लागली. मी एकदा विचारलं, एवढ्या लवकर कशाला? म्हणाली, “तो एकटाच कायले उठन?” थंडी असो, ताप असो, दोन वर्षांत तिचा हा नेम चुकल्याचं मला आठवत नाही.

मला एक खोड होती. पत्रात काही वाईट असलं की मी ते गाळून वाचायचो. बाईला कशाला घोर लावायचा, असा माझा शहाणपणा. टेकचंद पळण्यात नापास होता होता वाचला, एकदा त्याला दवाखान्यात ठेवलं होतं, हे तिला मी कधी कळूच दिलं नाही.

अठ्ठावन्न सालच्या जुलैत पत्र आलं. डिसेंबरात शेवटची परेड, ती झाली की अफसर. खाली लिहिलं होतं: त्याआधी माझी चौकशी करायला पोलीस गावात येतील, घाबरू नका, हा नियम आहे, विचारतील ते बाईनं नीट सांगावं. ‘पोलीस’ हा शब्द दिसला आणि मी थांबलो. समोर मनिरामची बायको बसली होती. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागणार नाही, असं मला वाटलं. पोलीस येतील तेव्हा मी असेनच, मीच बोलेन, असं मनाशी ठरवून ती ओळ मी गाळली. बाकी पत्र मोठ्या आवाजात वाचलं. हे मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

ऑगस्टात रोवणी चालू असताना शिपाई आला. मी त्या दिवशी गोंदियाला मास्तरांच्या मीटिंगला गेलो होतो. दहा-बारा बायका चिखलात उभ्या राहून रोपं लावत होत्या, रुख्माबाई त्यांच्यात. शिपायानं बांधावरून बापाच्या नावासकट विचारलं, “टेकचंद वल्द सुखराम, इथलाच का?” ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “नाई बा. असा कोणी नाई आमच्या गावात.” सगळ्या ओळीनं तेच सांगितलं. गावचा कोतवाल शिपायासोबत होता, त्यानंही मान हलवली. शिपायानं तिथंच, माझ्या घरी असा कोणी नाही, माझा तो कोणी लागत नाही, असा जबाब लिहिला, रुख्माबाईचा अंगठा घेतला आणि गेला.

संध्याकाळी मी गाडीतून उतरलो तर ती वाटेतच भेटली. चेहरा खुललेला. “पोलीस आलता गुरुजी, टेकचंदले विचारत होता. धाडला वापस. म्हटलं, कोणी नाई.” तिला खरं सांगायचं म्हणजे ती गाळलेली ओळ सांगावी लागली असती. मी म्हणालो, बरं. दुसऱ्याच दिवशी ठाण्यावर जायला हवं होतं. चौकशी पुन्हा होईलच, अशी स्वतःची समजूत घालून मी दोन महिने गप्प बसलो. असा मी भला माणूस.

ऑक्टोबरात पत्र आलं. टेकचंदला ऑफिसात उभं केलं होतं. दिलेल्या पत्त्यावर या नावाचं कोणी नाही, नातेवाईक नाहीत, असा रिपोर्ट आला होता. खोटा पत्ता देणारा मुलगा अफसर कसा होणार? महिन्याभरात खुलासा आला नाही तर नाव कापणार होते. हे पत्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एक अक्षर न गाळता.

रुख्माबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे म्याच मारलं का त्याले?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यावर गेलो. तिथल्या मुन्शीनं कागद काढून अंगठा दाखवला. म्हणाला, बाईनं आता जबाब फिरवला तर पहिला खोटा ठरतो, मग तिच्यावर केस, वरून चौकशी, आणि ती काही महिन्याभरात संपत नाही. तोवर परेड होऊन जाईल. त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. बाई म्हणते तो माझा नाही, ठीक आहे, नाही. तुम्ही शाळामास्तर, वजनदार माणूस. लिहून द्या की मुलगा अनाथ आहे, मी सांभाळला, शाळेच्या पत्त्यावर राहतो. “दोनों कागज मिल गए, बात खतम.”

मी रुख्माबाईकडे पाहिलं. तिला हिंदी कळत होतं. तिनं एकच विचारलं, “असं केल्यानं तो अफसर होते का?” मुन्शी म्हणाला, होईल. “मंग लिवा गुरुजी,” ती म्हणाली.

मी लिहिलं आणि खाली सही केली. चौथीत शिकवलेल्या मुलाचा मी पालक झालो. मी त्याला कधी एक घास भरवला नव्हता.

आठवड्यानं तोच शिपाई पडताळणीला आला. या खेपेस मी होतो, शाळेच्या ओसरीवर तिच्या शेजारी उभा. तिनं खांबाला हात लावला होता. शिपायानं विचारलं, “टेकचंद तुमचा कोणी लागतो?”

“नाई.”

“कोणी वाढवला त्याला?”

“यानं,” ती माझ्याकडे हात करून म्हणाली. “गुरुजीनं. लहानपणापासून.”

बांधावरचा पहिला जबाब तिनं कसा चटकन दिला असेल, ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो. हा दुसरा देताना तिला दर शब्दाला थांबावं लागलं. शिपायानं अंगठा मागितला. तो तिनं इतका जोरानं दाबला की कागदाला सुरकुती पडली. शिपाई गेल्यावर ती पाणीही न पिता शेतावर गेली.

टेकचंदचं नाव कापलं गेलं नाही. त्याचं कार्ड आलं: बाईला सांगा, एकदा खांद्यावर तारे लागू द्या, मग मी सगळं कागदोपत्री नीट करून घेतो. आज साठ साल उजाडलं, ते नीट झालेलं नाही. नव्या नोकरीत कोण जुना कागद उकरून काढतो? मी त्याला दोष देत नाही, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. थोडा देतो.

परेडीचं आमंत्रण पालकाच्या नावानं येतं. ते माझ्या नावानं आलं. मी म्हणालो, बाई, तुम्हीही चला, कोण ओळखतंय तिथे? ती म्हणाली, “कोणी विचारलं का मी कोण, त का सांगू? मले त्याच्यासमोर खोटं बोलता येणार नाई.” पोह्यांची पिशवी तिनं माझ्या हातात दिली. “तुमच्या घरचे म्हणून देजा.”

उसना कोट घालून मी देहराडूनला गेलो. कडाक्याची थंडी, बँड, सगळी पोरं एकसारखी. टेकचंद कोणता ते मला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही. परेड संपल्यावर तोच शोधत आला. एका साहेबानं माझा हात हातात घेऊन, तुम्ही मुलाला चांगलं वाढवलंत, असं इंग्रजीत सांगितलं. मी थँक्यू म्हणालो. साहेब गेल्यावर टेकचंदनं दुसरीकडे बघत हळूच विचारलं, “बाई कशी आहे?” मी म्हणालो, बरी आहे. आम्ही चहा घेतला.

परतीच्या गाडीनं सकाळी दरेकसाला उतरलो, तर लाकडं वाहणाऱ्या मजुरांत रुख्माबाई उभी. मी कोणत्या दिवशी येणार ते तिला ठाऊक नव्हतं. चार दिवस रोज येत होती, असं नंतर कळलं. तिनं सगळं विचारून घेतलं. वाळला का? पोहे खाल्ले का? कपडे कसे होते? मी सांगत गेलो, थोडं वाढवूनही सांगितलं.

“दुसऱ्या पोट्ट्याइच्या माया आल्या होत्या?”

“आल्या होत्या सगळ्यांच्या आया.”

“त्याइनं का केलं?”

“काय करणार? पोटाशी धरलं आपापल्या मुलांना. रडल्या.”

“आन् तुमी धरलं का त्याले पोटाशी?”

या वेळी मला गाळता आलं नाही. म्हणालो, “नाही बाई. लोक होते. मला लाज वाटली.”

मग माझ्या हातातली रिकामी पिशवी तिनं घेतली.

“मंग कायले गेलते तुमी?”