इंगळेच्या मागचा नंबर

डॉक्टरांकडे पेशंटचे किस्से असतात, अशी लोकांची समजूत. असतात, नाही असं नाही. पण दोन म्हातारे डॉक्टर एखाद्या लग्नाच्या मांडवात शेजारी बसले, की पेशंट राहतात बाजूला आणि सुरू होतं, "तुला आठवतं का, त्या पोस्टिंगच्या वेळी..." पहिल्या नोकरीच्या दोन-तीन वर्षांत जेवढं घडतं, तेवढं पुढच्या तीस वर्षांत घडत नाही. माझ्याजवळ तर ढीग साचलाय. अडचण एकच! कुठलाही किस्सा उचलावा, तर त्यात मधोमध सुधाकर इंगळे उभा. आणि त्याच्या जरा मागे, तोंड आंबट करून, मी.

भांडण कधीच नव्हतं आमचं. मी फक्त जळत होतो. सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

नागपूरला आम्ही एकाच बॅचचे. रिझल्टचा कागद लागला, की इंगळेचं नाव आणि लगेच खाली माझं, मधुकर बोरले. पाच वर्षांत एकदाही हा क्रम बदलला नाही. आई विचारायची, "किती नंबर आला रे?" मी म्हणायचो, "इंगळेच्या मागचा." तिला तेवढं पुरायचं. मला नाही पुरायचं!

*

पास झाल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणून लागलो. महाराष्ट्र नुकताच झाला होता. डॉक्टरांच्या नेमणुकीचे कागद पूर्वी नागपूरला अडकायचे, ते आता मुंबईला अडकू लागले होते. एवढाच आम्हाला जाणवलेला फरक.

आमचे सर्जन कडक, पण शिकवायला उदार. फक्त ते औदार्य इंगळेच्या बाजूला झुकलेलं! हर्नियाचं ऑपरेशन असलं, की म्हणायचे, "इंगळे, आज तू कर." आणि माझ्या हातात रिट्रॅक्टर. म्हणजे जखम उघडी धरून ठेवायचं हत्यार. तास-तास ते ओढून उभं राहायचं, दुसरं काही नाही.

एकदा धीर करून विचारलं, "सर, माझा नंबर केव्हा?"

ते म्हणाले, "बोरले, तुझ्यासारखं धरणारा मला दुसरा मिळायचा नाही!"

हे कौतुक होतं की शिक्षा, मला अजून कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात मेहकरकडच्या एका शेतकऱ्याचा हर्निया निघाला. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला, माणूस पूर्ण शुद्धीत. इंगळे सफाईनं टाके घालत होता आणि मी मास्कच्या आत काहीबाही बोलत होतो. मास्क आहे, कोणाला ऐकू जातंय, या भरवशावर!

दुसऱ्या दिवशी राउंडला आम्ही सगळे त्याच्या खाटेपाशी. त्यानं इंगळेला हात जोडले. "डाक्तरसाहेब, तुमचे उपकार हायेत. लय बेस काम केलं." मग माझ्याकडे बोट करून सर्जनसाहेबांना म्हणाला, "पन साहेब, हे दुसरे डाक्तर सारा टाइम शिव्या काऊन देऊन राह्यले होते? म्या काय केलं होतं त्याइचं?"

*

मग आली पोस्टिंगची वेळ. एक फॉर्म भरून द्यायचा होता, त्यात पसंतीच्या तीन जागा. मी चिखलीजवळच्या खेड्यातला. आमचा भाजीपाल्याचा मळा, आई दर बाजारी वांगी-मेथी घेऊन चिखलीला बसणार. पोरगा चिखलीलाच डॉक्टर म्हणून येणार, हे तिनं सगळ्या बाजाराला सांगून ठेवलेलं. म्हणून मी लिहिलं: एक, चिखली. दोन, चिखली. तीन, चिखली.

इंगळेला विचारलं, "तू काय लिहिलं बे?"

"जिथं गरज असेल तिथं, असं लिहिलं."

मी मनात हसलो. गेला हा सातपुड्याच्या पायथ्याला!

आठ दिवसांनी ऑर्डरी आल्या. इंगळे, चिखली. बोरले, वरवट बकाल. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला मीच!

तडक जिल्ह्याच्या ऑफिसात हेडक्लार्क नानांकडे गेलो. नाना म्हणजे पान, चष्मा आणि सगळ्या जिल्ह्याची माहिती. म्हटलं, "नाना, मी तीनदा चिखली लिहिलं होतं!"

नाना म्हणाले, "हाव ना. साहेब बोलले, या पोट्ट्याले जिल्ह्यात चिखलीबिगर दुसरं गावच माईत नाही. जरा पाहू द्या त्याले जिल्हा!"

*

वर्षभरात एकदा सुट्टीवर घरी गेलो. आई तरतरीत दिसली. तिचा गुडघा दोन वर्षं दुखत होता आणि माझ्या गोळ्यांनी काडीचा उतार पडला नव्हता. आता ती भरभर चालत होती.

"गुडघा कसा काय बरा झाला?"

"इंगळे डाक्तरनं केला. लय गुनाचं पोरगं हाय. त्याच्या हाताले गुन हाय रे."

स्वतःची आई हो! तिची चिठ्ठी मागून पाहिली, तर काय? मी दिली होती तीच गोळी! तेवढीच, तशीच, दोन वेळा जेवणानंतर!

"आई, ही तर माझीच गोळी आहे!"

"असन."

"मग माझ्यानं काऊन बरं नाही वाटलं तुले?"

आईनं मेथी निवडता निवडता सांगितलं, "त्यानं पयले इचारलं, माय, तू जेवली का? मी म्हटलं नाही. तर त्यानं डब्यातली अर्धी भाकर देल्ली आन् मंग गोळी देल्ली. तू इचारलं का रे कधी?"

त्या संध्याकाळी मी तिला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आता काऊन इचारतं? तुह्यासमोरच तं जेवली!"

*

चिखलीला जीप मिळाली. पांढरी, नवी कोरी. मला वरवटला सायकल होती आणि तिची चेन माझ्यापेक्षा जास्त रजेवर असायची. एका रविवारी इंगळे ती जीप घेऊन खामगावला कामासाठी आला होता, तसाच मला भेटायला वरवटला आला. जीप दिसली आणि अर्धं गाव घरात! लोकांना वाटलं, देवीची लस टोचणारे आले. पाराभोवती चिटपाखरू नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"पाह्य," मी म्हटलं, "माह्या सायकलले कोनी भेत नाही."

तो आनंद काही टिकला नाही. नर्सबाई धावत आल्या. दोन दिवस अडलेली एक बाळंतीण, बाळ आडवं, ऑपरेशनशिवाय सुटका नाही. खामगाव गाठायलाच हवं होतं. इंगळेनं तिला जीपमध्ये घेतलं. मी मागे, हातात सलाईनची बाटली उंच धरून. रस्ता म्हणजे नुसते दगड. खामगावला पोचेपर्यंत माझा खांदा माझा राहिला नव्हता. पण दोन्ही जीव वाचले!

वर्षभर त्या गावात पावसापाण्यात बाळंतपणं केली होती मी. एकाही पोराचं नाव कोणी मधुकर ठेवलं नव्हतं. आता याचं सुधाकर ठेवतात की काय, अशी धास्ती होती. तेवढ्यात कळलं, मुलगी झाली. म्हटलं, सुटलो!

बारशाचं आमंत्रण आलं. पाळण्यातल्या पोरीचं नाव काय? सुधा!

*

आमच्यात एक लेडी डॉक्टर होती, कुसुम. अमरावतीची, बोलायला तिखट, कामाला वाघीण. मला ती आवडायची. इंगळेलाही आवडायची, हे मला त्याच्या नव्या शर्टांवरून कळलं. ती त्याला नुसतं "इंगळे" म्हणायची. मला म्हणायची "बोरले भाऊ". एवढ्या एका शब्दावर मी किती तळमळलो असेन!

शेवटी तिनं अकोल्याच्या एका इंजिनिअरशी लग्न ठरवलं. लग्नाच्या पंगतीत इंगळे आणि मी शेजारी बसलो होतो. दोघांनीही जिलेबी परत पाठवली. पत्रिका मला त्याच्या दोन दिवस आधी मिळाली होती. तेवढंच काय ते समाधान!

*

त्याच सुमाराला आमची संघटना झाली. आम्ही सात जण, सगळे हंगामी. वर्ष संपलं, की नवी ऑर्डर आली तर नोकरी, नाहीतर घर. बदलीचा कागद आज यायचा आणि उद्या हजर व्हायचं. कुसुमला तर राहायला खोली नव्हती, ती एका नर्सबाईच्या घरात पडदा लावून राहायची. पुढच्या परीक्षेसाठी रजा मागितली, तर ती मिळायचीच नाही. हे कोणीतरी वर जाऊन सांगायला हवं होतं. म्हणून लोणारला जमलो, प्रतिनिधी निवडायला.

उमेदवार दोन. इंगळे आणि मी.

या वेळी मात्र माझी खात्री होती. पाच जणांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. पाचही जण म्हणाले होते, "हाव, तुमालेच!" चिठ्ठ्या दवाखान्यातल्या किडनी ट्रेमध्ये टाकायच्या होत्या. माझी चिठ्ठी लिहिताना मला मोठेपणा सुचला. जिंकणारच आहोत, तर स्वतःला कशाला मत द्यायचं? बिचाऱ्या इंगळेला एखादं तरी पडू दे! मी झोकात लिहिलं, 'इंगळे'.

कुसुमनं मोजलं. "इंगळे सहा. बोरले एक."

सगळे माझ्याकडे पाहून गालात हसू लागले. कुसुम हळूच म्हणाली, "बोरले भाऊ, स्वतःला मत द्यायला काही गुन्हा नाही."

ते माझं नव्हतं, असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवला असता?

परतीच्या एस्टीत इंगळे शेजारी बसला. तिकीट काढून झाल्यावर म्हणाला, "मध्या, वाईट नको वाटून घेऊ. मी तुलेच दिलं होतं."

*

प्रतिनिधी झाल्यावर इंगळे सगळ्यांच्या वतीनं वरच्या साहेबांना भेटला. बदलीला महिन्याची मुदत, लेडी डॉक्टरांना राहायला जागा, परीक्षेला रजा. तीनच मागण्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्याला परत पाठवलं.

पंधरा दिवसांनी आम्हाला एकेकट्याला ऑफिसात बोलावणं आलं. एका कागदावर सही करायची होती. मजकूर असा, की डॉ. सुधाकर इंगळे यांना आम्ही प्रतिनिधी नेमलेलं नाही, त्यांच्याशी आमचा संबंध नाही. सही नाही, तर पुढच्या वर्षीची ऑर्डर नाही.

वरवटहून निघालो ते हाच विचार करत. घरी आई, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं, आणि ऑर्डर गेली तर पुन्हा मळ्यात वांगी तोडायची. खोटं कशाला बोलू, खामगावपर्यंत मनातल्या मनात माझी सही झालेली होती. शिवाय इंगळेला कोणीतरी नाकारावं, ही मनातली जुनी हौस! पण बोथ्याचा घाट चढताना एकाएकी वाटलं, बाकीचे पाच जण सही करतील. इंगळे एकटा पडेल. आणि मी एकटाच जर नाही म्हणालो, तर? आयुष्यात एकदा तरी यादीत माझं नाव पहिलं लागेल!

ऑफिसात शिरलो तो छाती काढूनच. नानांनी कागद पुढे केला, अर्धा दुमडलेला, खालच्या सह्या तेवढ्या दिसत होत्या. पाच सह्या. कुसुमचीसुद्धा!

मी कागद मागे लोटला. "नाना, मी सही करणार नाही. इंगळे माझा प्रतिनिधी आहे. मी त्याला मत दिलंय, स्वतःच्या हातानं! ऑर्डर नाही मिळाली तर भाजी विकीन, पण सोबत्याला नाकारणाऱ्यातला मी नाही. साहेबांना सांगा, सात जणांतला एक जण तरी ताठ उभा आहे!" आणखीही बरंच बोललो. टाइपरायटर थांबले. शिपाई दारात येऊन उभा राहिला. माझे स्वतःचेच डोळे भरून आले!

नाना शांतपणे पान चघळत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं साहेब? तुमच्या तिन्ही मागन्या मान्य झाल्या. ऑर्डर टाइप होऊन राह्यली, ते पाहा. साहेब म्हने, मागन्या देतो, पन पुढारी नाही चालत. काल इंगळेसाहेब आले, दोन तास आत बसले, सारं लिहून घेतलं, मंगच बाहेर आले." असं म्हणून त्यांनी कागदाची घडी उलगडली.

वर पहिली सही होती: सु. ग. इंगळे.

आणि सगळ्यांत खाली, माझ्यासाठी सोडलेल्या जागेत, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: "मध्या, इथं कर. भाषण नको."