पडदे बंद राहिले त्या दुपारी

येडगावच्या एका रोपवाटिकेत लंकाबाई १९९८ पासून कामाला होती. सुरुवातीला ती ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायची. २००६ पर्यंत टोमॅटोच्या रोपांचं आख्खं पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकनं झाकलेली शेड, तिच्या हवाली झालं.

त्याच वर्षी एप्रिलात एका सकाळी वारं सुटलं म्हणून तिनं बाजूचे पडदे खाली सोडले. तेवढ्यात सासू चक्कर येऊन पडल्याचा निरोप आला आणि ती तशीच घरी धावली. परतली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दार उघडताच गरम वाफ तोंडावर आली. हजारो रोपं माना टाकून पडलेली.

तिनं भराभर पडदे वर केले. पाणी मारलं तरी रोपं उठेनात. घाबरून तिनं युरियाचं डबडं उचललं, तोच मालक पुखराजशेठची मुलगी चेतना आत आली. ती पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकत होती.

"मावशी, खत नको! झालं काय?"

लंकाबाईच्या ओठावर खोटं आलं होतं. निघालं मात्र खरं. "मीच पडदं इसरले, ताई."

चेतनानं एक पान हातात घेतलं. "पेशीत प्रथिनं बनतात, त्यांची नीट घडी बसावी लागते. उष्णतेनं ती बिघडते. पेशीला ते कळतं. मग ती नवं काम कमी करते आणि घडी बसवणारे मदतनीस वाढवते. आता खत देऊन तिला आणखी कामाला लावायचं नाही. सावली करायची आणि थांबायचं."

"आन घडी न्हाईच बसली तर?"

"ताण फार झाला तर पेशी स्वतःलाच संपवते."

लंकाबाईला जेवण जाईना. दर तासाला ती आत जाऊन देठांना बोट लावून बघायची. दुसऱ्या दिवशी मधल्या रांगा कागदासारख्या वाळल्या.

तिसऱ्या दिवशी दाराजवळची रोपं उभी राहिली. ती लागवडीला जायची म्हणून आठवडाभर रोज थोडा वेळ उन्हात ठेवलेली होती.

"थोडी उष्णता आधीच सोसलेली, म्हणून यांचे मदतनीस तयार होते," चेतना म्हणाली.

निम्मी रोपं गेली. पुखराजशेठ फार रागावले, पण त्यांनी तिला काढलं नाही. रोपं सांगून ठेवलेल्या राजुरीच्या शेतकऱ्यांना उशीर होणार हे सांगायला मात्र तिलाच पाठवलं. दारोदार ती आपली चूक सांगत फिरली.

पुढच्या उन्हाळ्यापासून तिनं सगळ्याच ट्रेंना थोडं थोडं ऊन दाखवायला सुरुवात केली. तरी भीती गेली नाही. सुट्टी असली तरी दुपार झाली की ती चालत येऊन एकदा आत डोकावून जायची.