अंधारकोठडीत परबकाका

गोरेगावच्या चंद्रप्रकाश परबांनी उभ्या जन्मात कुणाच्या हातचं दूध विश्वासानं प्यायलं नाही. दोष त्यांचा नव्हे, नोकरीचा. तेहतीस वर्षं एका डेअरीत आलेल्या कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडायचा आणि पाणी पकडायचं, हेच काम. रिटायर झाले आणि गडी दुधावरून माणसांवर घसरला. बायको होती तोवर ती दटावायची. ती गेली, मग काय, रान मोकळं.

झळ लागली ती मानसीला, एकुलत्या एक मुलीला. बत्तीस वर्षांची, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. पहिलं स्थळ आलं तेव्हा काका तीन दिवस मुलाच्या ऑफिसखाली वडापावच्या गाडीवर उभे होते, तो कुणाबरोबर येतो-जातो ते बघत. मुलानंच पकडलं. दुसऱ्याच्या मुलुंडच्या घरात तर ‘गॅसचा पाइप तपासायला आलोय’ सांगून शिरले. पुढे बोलणी करायला गेले, तर मुलाच्या आईनं पाइपवाल्याला बरोबर ओळखलं. झालं, आटोपलं.

आणि आता दोन महिने मानसी गॅलरीचं दार लावून फोनवर बोलायची. विचारलं तर म्हणायची, “काही नाही.” मग एकदम म्हणाली, “बाबा, रविवारी एका ग्रुपच्या सहलीला जाऊ या. इंग्रजांच्या काळचा तुरुंग आहे, आता त्याचं म्युझियम केलंय.” काका मनात म्हणाले, पाणी मुरतंय.

तुरुंगात पोचल्यावर त्यांचं भिंतींकडे लक्षच नव्हतं. लक्ष होतं गाईडवर. सुबोध नाव त्याचं, तिशीतला, हसरा. मेल्यानं न विचारता काकांच्या हातात बिनसाखरेचा चहा दिला! साखरेचं याला कुणी सांगितलं? वर “काका, पायरी उंच आहे, सांभाळून.” मानसी त्याच्या बोलण्यावर दोनदा हसली. काकांनी ताडलं, हाच तो.

सुबोध प्रत्येक दारातून बाहेर पडताना माणसं मोजायचा. “इथला जुना नियम आहे. जेवढे आत, तेवढे बाहेर,” तो म्हणाला. काकांना वाटलं, बोलायला काय जातंय? ओठ हलवले की मोजलं असं होत नाही. अंधारकोठड्या बघून सगळे निघाले, तेव्हा काका शेवटच्या कोठडीत दाराआड गपचूप उभे राहिले. बघू या, जावईबापू किती पाण्यात आहेत.

पावलांचे आवाज लांब गेले. मग काहीच ऐकू येईना. भिंतीला ओल, मोबाइलला रेंज नाही. पाच मिनिटं गेली. आपल्याला शोधायला येणारं जगात एकच माणूस, मानसी. ती लग्न करून गेली की तेही नाही. हे त्यांना आजवर स्वतःशीसुद्धा बोलवलं नव्हतं. त्यांना भीती वाटली.

तेवढ्यात टॉर्चचा उजेड आला. “काका, सव्वीस आत आले, पंचवीसच बाहेर. बरं वाटत नाहीये का?” सुबोध धापा टाकत होता.

काका खूश. बाहेर आले ते थेट मानसीपाशी. “पोरगा चोख आहे. माझी ना नाही.”

“कुठला पोरगा?”

“हाच. गाईड.”

मानसी बघतच राहिली. “बाबा, आत्ताच त्यानं आम्हाला त्याच्या मुलीच्या गमती सांगितल्या. लग्न झालंय त्याचं.”

“मग बिनसाखरेचा चहा?”

“सहलीच्या फॉर्मवर मीच लिहिलं होतं, डायबेटिस आहे म्हणून.”

“आणि गॅलरीतला फोन?”

“तो नितेश. घाटकोपरला राहतो. मागच्या आठवड्यात मीच त्याला नाही म्हणून सांगितलं.”

“का गं? काही खोट निघाली?”

“चांगला आहे हो तो. म्हणूनच तुमच्यासमोर उभा करायचा नव्हता मला.”

ती बसमध्ये जाऊन बसली. काका शेजारी बसले. बस निघाली, हायवेला लागली. शेवटी काका म्हणाले, “त्याचा नंबर आहे अजून?”

“कशाला?”

“भेटायचंय. माझं खरं नाव सांगून.”

तेहतीस वर्षं ते आलेल्या कॅनकडे बघायचे, तशी मानसी त्यांच्याकडे बघत राहिली.