पडद्याच्या तळाची ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा हे वाक्य पुरं होऊ देत नाही — अर्ध्यात आलं की दुसराच काही विचार काढतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती, तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं, नाही का?

मी पोंभुर्ण्याला कॉम्प्युटरवर बसतो. फोटोकॉपी, ऑनलाइन फॉर्म, असलं दुकान. मधली काही वर्षं एका संस्थेचं काम माझ्याकडे होतं. ती संस्था गावोगाव सिकलसेलसाठी रक्त तपासायची, अन् प्रत्येकाच्या निकालाचं कार्ड मी छापायचो. हा आजार आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण तुम्ही कदाचित दूरचे असाल. काही माणसं नुसती वाहक असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, रक्तात तेवढं असतं. दोन वाहकांचं लग्न झालं की लेकराला खरा आजार होऊ शकतो — हातपाय सुजतात, हाडं ठणकतात, रक्त चढवत राहावं लागतं. आम्ही पत्रिका पाहत नाही. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी कार्ड पाहतो.

काम कंटाळवाणं होतं. पडद्यावर एका बाजूला प्रयोगशाळेची यादी, दुसऱ्या बाजूला कार्डाचा फॉर्म. नावं फॉर्ममध्ये आधीच असायची. यादीतून निकाल उचलायचा, नावापुढे चिकटवायचा, बस. मी पडलो आळशी, अन् वरून हुशार. माऊस आपोआप चालवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं होतं. त्याला एकदा शिकवलं की ते स्वतःच क्लिक करायचं, उचलायचं, चिकटवायचं, पान संपलं की यादी वर सरकवायचं. मी बाजूला बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचो. संस्थेचे साहेब येऊन पाहून गेले, म्हणाले, याच्यासारखा पोरगा जिल्ह्यात नाही. मलाही ते पटलं होतं.

मग जुना मॉनिटर जळाला अन् नवा आला, मोठा. नव्यावर अक्षरं आपोआप सव्वापट झाली. तेवढ्यानं प्रत्येक पानाची शेवटची ओळ खालच्या पट्टीमागे गेली — ती पट्टी, जिच्यात घड्याळ असतं. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला काय कळणार? ते जुन्याच जागी क्लिक करायचं, क्लिक पट्टीवर पडायचं, निकाल उचलला जायचाच नाही. अन् त्याच्या हातात आधीच्या माणसाचा निकाल तसाच असायचा. तोच या नावापुढे चिकटायचा. बहुतेक माणसं नॉर्मल, म्हणून बहुतेक वेळा चुकीचा निकालही बरोबरच निघायचा. कोण ओरडणार?

एक म्हातारी बाई आली तेव्हा कळलं. जन्मभर याच आजाराची गोळी खाणारी, अन् हातात नॉर्मलचं कार्ड. हसत म्हणाली, बरी झाली का बाबू मी? तिला नवं कार्ड दिलं अन् शोधत बसलो. अक्षरं परत शंभर टक्क्यांवर आणली, खालची पट्टी लपवली, दर सरकण्यानंतर सॉफ्टवेअरला जरा थांबायला लावलं, मग डोळे फाडून पूर्ण यादी चालवून पाहिली. एकही चूक नाही. काय आनंद झाला होता मला! खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

पण आधीची कार्डं? ती गावोगाव वाटून झाली होती. साहेबांना सांगायचं म्हणजे सगळी परत मागवायची, अन् कुणामुळे ते सांगायचं. त्याच महिन्यात माझा करार पुढे वाढायचा होता. मी म्हटलं, किती जणांचं चुकलं असेल? असतील दोनचार. झाकली मूठ सव्वा लाखाची. असं म्हणून मी झाकून ठेवली.

आता सुषमाचं सांगतो. टाळत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुषमा आमच्याच गावची. तिचा मोठा भाऊ माझ्या बाकावरचा. बारावीत असताना तो याच आजारानं गेला. शेवटच्या दिवसांत त्याला पांघरुणाचं ओझंही सहन होत नव्हतं, अन् हे तिनं घरात राहून पाहिलेलं. ती स्वतः वाहक. म्हणून तिनं ठरवलं होतं, वाहकाशी लग्न करायचं नाही, बिनलग्नाची राहिली तरी चालेल. दोन स्थळं तिनं कार्ड पाहून मोडली. त्यातला एक तिला आवडला होता, तरी मोडलं.

तिसरा प्रफुल. जिवतीकडचा, आश्रमशाळेत शिकवायचा. कार्ड नॉर्मल. तरी ती कार्ड घेऊन माझ्या दुकानात आली. तिचं वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"भाऊ, तुमी एकडाव आपल्या डोयानं पाह्यून सांगा. बाकी कोनावर माहा भरोसा नाई."

मी काय केलं? प्रयोगशाळेची यादी मशीनमध्ये होती. ती उघडायला कितीसा वेळ लागतो? पण त्यात काय निघेल याची मला भीती वाटली. मी फॉर्म उघडला — माझ्याच सॉफ्टवेअरनं भरलेला — अन् मॉनिटर तिच्याकडे वळवला. म्हणालो, "पाह्य, नॉर्मलच हाये. कर लगन." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिनं माझे दोन्ही हात धरले अन् गेली.

ती गेल्यावर मी यादी उघडली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. अक्षरं पुन्हा सव्वापट करून पाहिली. प्रफुलचं नाव बरोबर तळाला, पट्टीच्या मागे. यादी थोडी वर सरकवली तेव्हा निकाल दिसला. वाहक.

ती अजून समोरच होती. पानठेल्याजवळ बसची वाट पाहत, फोनवर कुणाशी तरी बोलत, लाजत — दुसरं कोण असणार? रस्ता ओलांडला की झालं असतं. पाय जड झाले, असं लिहायची पद्धत आहे. माझे पाय काही जडबिड झाले नव्हते. मी खुर्चीवर बसून राहिलो अन् बस आली. तिचा नंबरही माझ्याजवळ होता. उद्या करतो म्हटलं. उद्या साक्षगंध झालं, मग लग्न ठरलं, मग पत्रिका छापायला माझ्याच दुकानात आली. नाव बरोबर आहे का, हे मी तिला दोनदा विचारलं.

लग्नात मी वाढप्या होतो. भात वाढला, वांग्याची भाजी वाढली. पुढे तिला दिवस गेले तेव्हा नर्सबाईनं नवऱ्याचं कार्ड मागितलं. नॉर्मल पाहून म्हणाली, मग काळजी नाही, पोटातल्या बाळाची पुढची तपासणी लागत नाही. सुषमानंच येऊन मला हे सांगितलं, पेढे देत. तेव्हा तरी बोलायचं ना, माणसा? मी पेढा खाल्ला.

मुलगी झाली. वर्षाच्या आतच तिची बोटं सुजली. रात्रंदिवस रडायची, धरलं की जास्त रडायची. दवाखान्यात रक्त तपासलं, मग आईबापाचं पुन्हा तपासलं. प्रफुल वाहक निघाला. घरात आकाशपाताळ एक झालं. अन् सुषमाला माझ्यावर शंका आली का? छे! ती म्हणाली, भाऊनं मशीनमध्ये पाहून सांगितलं होतं, म्हणजे तपासणीच्या शिबिरात प्रफुलनंच आपल्या जागी दुसऱ्याला रक्त द्यायला बसवलं असेल. मला फसवून लग्न केलं. तो शपथा घेत राहिला. ती पोरीला घेऊन माहेरी आली, ती आलीच.

प्रफुल माझ्याकडे आला होता. दाढी वाढलेली. बाकड्यावर बसला अन् जमिनीकडे पाहत म्हणाला, "भाऊ, रगत माहंच होतं. तुमच्याजवळ तो कागद असन ना? एकडाव पाह्यता का?"

मी त्याला म्हणालो, "मशीन चुकत नाई."

तो उठून गेला. त्याच दिवशी मी ती यादी मशीनमधून पुसून टाकली. संस्था तोवर बंद पडली होती, साहेब बदलून गेले होते. म्हणजे आता माझ्या जिभेशिवाय त्या माणसाच्या बाजूनं काहीच उरलेलं नाही, अन् ती जीभ कशी आहे ते तुम्ही वाचलंच.

पोरगी आता चालते. दुखणं नसलं तर पळतेसुद्धा. महिन्याला दवाखान्यात येते तेव्हा दोघी माझ्या दुकानात टेकतात. सुषमानं तिला मला मामा म्हणायला शिकवलं आहे. सख्खा मामा तर उरला नाही. मी बिस्किटाचा पुडा काढून ठेवतो. तिच्या हाताकडे पाहत नाही.

मागच्या खेपेला सुषमा म्हणाली, तिनं कोर्टात फारकतीचा अर्ज टाकला आहे. वकील म्हणाला, नवऱ्यानं फसवलं हे सांगणारा एक माणूस पाहिजे. ती माझ्यासमोर उभी होती, पोरगी कडेवर झोपलेली.

"तुमी साक्ष द्याल ना, भाऊ? तुमीच त पाह्यलं होतं."

मी हो म्हणालो.