पांढऱ्या बैलांचं चित्र

“आवो, पोरीला काई बोलू नका बरं. लई जीव लावून काढलंय तिनं.”

काकू स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात बोलत होती. मी शेजारच्या मोरीत हात धूत होते. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. मग काका म्हणाले, “म्या कशाला बोलू? लेकरानं काढलंय. छान काढलंय.”

छान काढलंय, हे त्यांनी तासाभरापूर्वी मलाही सांगितलं होतं. चिकलठाण्याहून बिडकीनजवळच्या त्यांच्या घरापर्यंत मी फ्रेम मांडीवर धरून आणली होती, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून. काकांनी ती सोडली, दाराच्या उजेडात नेली आणि बराच वेळ बघत राहिले. मग “छान काढलंय, माय” म्हणून ते गोठ्याकडे निघून गेले. गोठा दोन वर्षांपासून रिकामा आहे. ते माझ्यासमोर डोळे पुसायला नको म्हणून गेले, असं मी समजले होते. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं.

आता नळ बंद करून मी तशीच उभी राहिले. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील शिकले, कंपनीत लागले, शहरात फ्लॅट घेतला. काका शेतावर राहिले. मी इंग्रजी शाळेत गेले. सुट्टीत इथं आले की चुलतभाऊ मला ‘मॅडम’ म्हणायचा आणि माझं मराठी ऐकून हसायचा. वाईट हेतूनं नाही, पण हसायचा. त्यामुळे मी इथं मान हलवून उत्तर द्यायला शिकले. चहा हवा का, झोप झाली का, शहरात करमतं का, सगळ्याला मान पुरते. कोणी त्रास देत नाही. पोरगी शांत आहे म्हणतात.

चित्रं काढायला लागले तीही बहुधा त्याचमुळे. रोशन गेटजवळ एक निवृत्त चित्रकला शिक्षिका घरीच क्लास घेतात. आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणतो. दर शनिवारी दुपारी सात-आठजणी त्यांच्या दिवाणखान्यात पाट मांडून बसतो. जलरंग, आणि समोर फोटो. माणसांचे चेहरे, नाही तर जनावरं. फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कागदावर मोठ्या आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. मला हे फार सोपं वाटलं. फोटो प्रश्न विचारत नाही. त्याच्याकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी तो अवघडत नाही. खऱ्या माणसाकडे मी इतका वेळ कधीच बघितलं नव्हतं.

पहिले चार महिने माझे चेहरे मेल्यासारखे दिसायचे. आपा कागद हातात घेऊन म्हणायच्या, “बेटा, सगळं बराबर आहे. फक्त माणूस घरी नाही.” मग त्यांनी डोळ्यातला चमकेचा ठिपका दाखवला. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. ठिपका आधी ठरवून वाचवावा लागतो. एकदा त्यावर रंग गेला की कितीही पुसा, पहिला पांढरा परत येत नाही. आणि मला घाई. खालचा थर ओला असतानाच मी वरचा लावायची आणि गालावर डाग फुटायचे. “सूखने दे ना. जल्दी कायको?” हे वाक्य आपा मला दर शनिवारी ऐकवत.

मांजर जमलं, आपांची बकरी जमली, वडिलांचा चेहरा जवळजवळ जमला. मग यंदा उन्हाळ्यात वडील फोनच्या स्पीकरवर काकांशी बोलत असताना मी ऐकलं. काका म्हणत होते की पोळ्याला मातीचे बैल पुजायचं जिवावर येतं. विकत आणलेले, रंग मारलेले, कोणाचे कोण. स्वतःच्या जोडीचा एखादा मोठा फोटो असता तर तोच पाटावर ठेवला असता.

त्यांची पांढरी जोडी अकरा वर्षं घरात होती. त्यांना नावं होती, ती मी इथं लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी एक आजारानं गेला. राहिलेल्यासाठी काकांनी दुसरा जोडीदार आणून बघितला, पण ते जमलं नाही. शेवटी त्याला काकूच्या माहेरी देऊन टाकलं आणि तिथं तो वर्षभरही जगला नाही. आता नांगरट ट्रॅक्टरनं होते.

जोडीचं चित्र मी काढायचं, हे मी मनाशी ठरवलं. काकांना विचारलं नाही. चुलतभावाला मेसेज केला, फोटो आहे का म्हणून. जुन्या फोनमधून एकच निघाला. गाडीला जुंपलेली जोडी समोरून, आणि पुढं हसणारा तो स्वतः. मी पहिल्यांदा त्याला फोटोतून कापून टाकलं. मग उरलेल्यावर चौकटी आखल्या.

पांढरा बैल रंगवायचा म्हणजे बैल सोडून बाकी सगळं रंगवायचं. मागचं बाभळीचं झाड, खालची माती, मानेखाली लोंबणाऱ्या कातडीची, पोळीची निळसर सावली. मध्ये उरतो तो बैल. एकाची मान करडी होती, दुसऱ्याच्या एका शिंगाचं टोक तुटलेलं होतं. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर दोघांच्या डोळ्यांत चमक राहिली. आपांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि विचारलं, “ये जनावर तूने देखे हैं? हात लगाया कभी?”

मी मान हलवली. देखे तर होते. लहानपणी ओसरीतून. जवळ जायची मला भीती वाटायची.

“जिसके हैं, उसको पूछ ले एक बार,” त्या म्हणाल्या. “फोटोला सगळं माहीत नसतं.”

मी विचारलं नाही. भेट अचानक द्यायची आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की विचारायचं म्हणजे फोन करायचा, बोलायचं, माझ्या मराठीत. त्यापेक्षा फोटो बरा.

तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओले हात घेऊन त्या मोरीत उभी होते आणि मनातल्या मनात सगळं चित्र तपासत होते. खूर नीट होते. वशिंडं नीट होती. करड्या मानेवर एक डाग पडला होता, पण तो सावलीत लपला होता. त्याच्याबद्दल बोलत असतील का?

बाहेर आले तेव्हा काकूनं ओसरीवर पाट मांडला होता आणि भिंतीला टेकून त्यावर फ्रेम ठेवली होती. ती खांदेमळणीची संध्याकाळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला, वर्षभर जू पेलून घट्टे पडलेल्या जागी, तूप-हळद चोळायची आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. काकू वाटीत तूप आणि हळद कालवून घेऊन आली. चुलतभाऊ कंपनीतून नुकताच येऊन खाटेवर बसला होता.

काका पाटासमोर उकिडवे बसले. तीन बोटं वाटीत बुडवली. हात उचलला आणि सवयीनं सरळ एका बाजूला नेला. काचेपासून वीतभर अंतरावर तो थांबला. बोटांवरचं तूप ओघळायला लागलं. मग हात हळूच दुसऱ्या बाजूला वळला, तुटक्या शिंगाच्या बैलाकडे, आणि त्याच्या खांद्यावर, काचेवरच, त्यांनी हळद लावली. अगदी हळू, कोणाला जागं करायचं नसल्यासारखी.

“आबा, जोडीनं जागा बदलली व्हय?” चुलतभाऊ काकांना हसून म्हणाला.

“गप रे,” काकू म्हणाली.

“आगं पण तुटक्या शिंगाचा...”

“गप म्हणलं ना तुला!”

काका मागं बघत नव्हते. त्यांनी परत बोटं बुडवली आणि करड्या मानेवर हळद लावायला गेले. याही वेळी हात आधी चुकीच्या बाजूला गेला आणि परत आला.

मी आत गेले, पिशवीतून फोन काढला आणि चुलतभावानं पाठवलेला मूळ फोटो उघडला, न कापलेला. तो पुढं उभा होता, दात दाखवत, निळ्या टी-शर्टमध्ये. टी-शर्टवर मोठी इंग्रजी अक्षरं होती आणि ती सगळी उलटी होती. त्यानं पुढच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला होता. त्या फोननं आरशासारखा फोटो ठेवला होता. डावं ते उजवं झालं होतं. ज्या भाषेत मी सगळ्यात वेगानं वाचते, त्याच भाषेत ते तिथं लिहिलेलं होतं. आणि मी पहिल्यांदा तेच कापून फेकलं होतं.

काकू माझ्यामागून आत आली. माझ्या हातातला फोन तिनं बघितला की नाही माहीत नाही. डब्यातून डाळ काढता काढता ती आपलं आपण बोलावं तसं बोलली.

“तुटक्या शिंगाचा उजव्या अंगाचा होता. लहानपणापासून. चुकून डाव्या अंगाला जुंपला तर पाऊल टाकायचा नाय. उभाच राहायचा. हे हसायचे, म्हणायचे, याला आपली जागा ठावं हाय.” डबा बंद करत म्हणाली, “तो गेल्यावर करड्या मानेच्यासंगं नवा बैल जुंपला ना, तर ह्यो त्या उजव्या बाजूला मान टाकून उभा. डोकं ठेवायला जागा शोधत असल्यागत. तवापासून यांनी जू माळ्यावर टाकलं.”

“काकू,” मी म्हणाले.

“जाऊ दे, माय. त्यांच्या ध्यानात हाय खरं काय ते. चित्र चांगलंच झालंय. तू मनाला लावून घेऊ नको.”

तसं जाऊ देता आलं असतं. सगळे तयारच होते त्याला. उद्या त्यांनी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला असता, परवा फ्रेम भिंतीवर गेली असती, आणि दर वर्षी खांदेमळणीला काकांचा हात काचेजवळ थांबून वळला असता. एक शब्दही न बोलता. हळूहळू हाताला सवय झाली असती आणि मग कदाचित डोळ्यांनाही. अकरा वर्षं जी जोडी त्यांना झोपेतही ओळखता आली असती, ती माझ्या चित्रानं त्यांच्या आठवणीत उलटी करून टाकली असती. आणि मी मान हलवून म्हणाले असते, हो, करमतंय.

मी ओसरीवर आले. काकांनी आवतण दिलं होतं आणि ते हात जोडून अजून तसेच बसले होते. काचेवर हळदीचे दोन ओघळ खाली चौकटीपर्यंत आले होते. चुलतभावानं माझ्याकडे बघितलं, बहुतेक आता काहीतरी गंमत करावी म्हणून, पण केली नाही. मी काकांच्या शेजारी खाली बसले. इतक्या जवळ मी त्यांच्याशेजारी कधी बसले होते आठवत नाही. त्यांच्या बोटांना तुपाचा वास येत होता.

“काय गं, माय?” ते म्हणाले.

वाक्य मी आतल्या खोलीतून जुळवून आणलं होतं, ते सगळं विसरले. जे आलं ते असं आलं:

“काका, तुमची जोडी मी उलटी उभी केली. फोटो उलटा होता आणि मी तुम्हाला विचारलं नाही. मी परत काढते. इथंच बसून काढते. पण या वेळी फोटो नको, तुम्ही सांगा. तुटक्या शिंगाच्यापासून सुरू करा.”