ताईच्या हळदीच्या कॅप्सूल

माझी ताई शाळेचे गणवेश शिवते. तीस वर्षांत तिने शिवलेल्या शर्टांची बटणं तुटली असतील, पण काज कधी उसवलं नाही, असं ती स्वतःच सांगते. आणि तिच्यासमोर उलट बोलायची कुणाची छाती नाही. मुलगा दारातून आत येईपर्यंत तिने नजरेनेच त्याचं माप घेतलेलं असतं. टेप लावते ती त्याच्या आईच्या समाधानासाठी. "याला दोन इंच जास्त ठेवते, वर्षभरात ताडमाड होणार हा," म्हणते, आणि तो होतोच.

एवढी शहाणी बाई, पण एका माणसाच्या बाबतीत तिने अक्कल गहाण टाकलेली. तो माणूस म्हणजे मी.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. औषधशास्त्राची परीक्षा दोनदा दिली, दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि नाद सोडला. ताईने मात्र गल्लीभर सांगितलं, "भाऊ औषधांच्या लाइनीत आहे." पुढे गल्लीनेच मला 'डॉक्टर' करून टाकलं. सुरुवातीला मी नको नको म्हणायचो. मग म्हणायचं सोडलं. खरं सांगायचं तर आवडायला लागलं होतं.

गेल्या वर्षी दुकानात हळदीच्या कॅप्सूल आल्या. डबीवर लिहिलेलं, यकृताचं आरोग्य आणि एकूण तंदुरुस्ती. मालक म्हणाले, "खपव." खपवायला लागतंय काय? काउंटरवर कोपर टेकायचं, आवाज थोडा खाली आणायचा आणि म्हणायचं, "औषध नाही हो हे. हळदच आहे. हळदीने कधी कुणाचं वाईट झालंय?" एवढ्यावर गिऱ्हाईक स्वतःच पाकीट काढतं.

ताईला मी डबी घरी नेऊन दिली. तिला थकवा वाटायचा. दिवसभर मशीनवर वाकून बसल्यावर कुणालाही वाटेल. रोज एक घ्यायची, खंड पडू द्यायचा नाही, असं बजावलं. आठ दिवसांनी ती म्हणाली, "फरक काही वाटत नाही रे." मी म्हणालो, "पी हळद अन् हो गोरी, असं नसतं ताई. धीर धर." ती हसली, आणि तिने धीर धरला.

दोन महिन्यांनी तिची भूक गेली. मी म्हणालो, दोन घे. मग अंगाला खाज सुटली, लघवी गडद व्हायला लागली. तिने मला एकट्याला गाठून, लाजत लाजत सांगितलं. मी काय सांगावं? "हळदीचा रंग आहे तो. आतून सगळं धुऊन निघतंय." हे मी कुठे वाचलं नव्हतं, कुणाकडून ऐकलंही नव्हतं. सुचलं आणि बोलून टाकलं. आज आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

पुढच्याच आठवड्यात भाच्याने, म्हणजे तिच्या मुलाने, तिला दवाखान्यात भरती केलं. डोळे पिवळेधमक. यकृताला जबर सूज. तिथल्या डॉक्टर, खऱ्या डॉक्टर, तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कुठली औषधं घेता?" ताई म्हणाली, "काहीच नाही." ती खोटं बोलत नव्हती, हे औषधच नाही, असं मीच तिला पढवलं होतं. बाईंनी पुन्हा विचारलं, "काढे, चूर्णं, ताकदीच्या गोळ्या, असलं काही?" ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा ती म्हणाली, "नाही हो."

भाचा शेजारीच उभा होता, आणि तो लहानपणापासून मला डॉक्टरमामा म्हणत आलाय. खिडकीबाहेर पाहण्याला दुसरं कारण माझ्याकडे नाही. दोन दिवस तपासण्यांवर तपासण्या झाल्या, रक्तातले आकडे चढतच राहिले. कारण सापडलं नाही तर यकृत निकामी होऊ शकतं, असं बाईंनी भाच्याला स्पष्ट सांगितलं. मी मनाची समजूत घालत होतो, दवाखान्यात आल्यापासून ती कॅप्सूल कुठे घेतेय? उतरेल आपोआप.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी डबा घेऊन गेलो. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. उशीच्या खोळीतून तिने काहीतरी काढलं आणि पाण्याबरोबर गिळलं. मला पाहून कुजबुजली, "सिस्टर ओरडतील म्हणून लपवते. तू म्हणाला होतास ना, खंड पडू द्यायचा नाही."

डबा कुठे ठेवला ते मला आठवत नाही. खोळीतली डबी घेतली, बाईंच्या खोलीत गेलो आणि सगळं ओकलो. कधीपासून, किती, एकाच्या दोन कुणी केल्या, तेसुद्धा. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "स्वयंपाकात चिमूटभर पडते ती हळद वेगळी. यात अर्क आहे, आणि तो अंगात जास्त शोषला जावा म्हणून वर मिऱ्याचा अर्क. बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या यकृताला हे सोसत नाही." मग डबी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं."

कॅप्सूल बंद झाल्या. आकडे हळूहळू, पण उतरले. ताई वाचली.

घरी सोडायच्या दिवशी भाच्याच्या हातात कागद आला, त्यावर कारण लिहिलेलं. "आई, ह्या कॅप्सूल तुला दिल्या कुणी?" मी तोंड उघडलं होतं, शप्पथ. पण ताई आधी बोलली. "कुणी कशाला देईल? मीच आणल्या. म्हटलं, हळद तर आहे. तुझ्या मामाला पत्ताही नव्हता."

भाचा माझ्याकडे वळला. "मामा, आता तूच समजाव हिला. मनाने काही घेत जाऊ नको म्हणावं."

ताई पलंगाखाली चपला शोधत होती. खरं बोलायला अजूनही वेळ गेलेली नव्हती. मी म्हणालो, "तुझी आई ऐकते का कुणाचं?"

भाचा हसला. मग ताईही हसली, त्याला खरं वाटेल इतपत.