चमचाभर दही, शमीमच्या नावावर

माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला, पण एका चमचाभर दह्यानं जेवढा केला तेवढा कशानंच नाही. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बासष्ट वर्षांची, म्हणजे तशी लहानच. अक्कल यायची होती. नात ईश्वरी अकराची. तिच्या मूत्रपिंडातून खाली येणारी नळी जन्मापासून चिंचोळी, लघवी आत तुंबून एक मूत्रपिंड खराब होत चाललेलं. बारामतीच्या एका दवाखान्यात ही शस्त्रक्रिया रोबोच्या हातांनी लहान मुलांवर कितपत जमते, याची चाचणी चालली होती. सगळं समजावून, सह्या घेऊन मोजक्याच मुलांना घेत होते. त्यांत ईश्वरीचा नंबर लागला... आणि त्या सकाळी मी शेळगावहून डबीत दही-साखर घेऊन पोचले! परीक्षेला निघालेल्या पोरालासुद्धा आपण दही देतो, ही तर केवढी परीक्षा. काही खायला द्यायचं नाही, असं सुनेनं, अर्चनानं, तीनदा बजावलं होतं. पण ती सह्या करायला गेली आणि मी पडद्याआड पोरीच्या तोंडात चमचा रिकामा केला. शकुन काय पोटात जातो का, असा माझा हिशेब.

हे आज लिहिते आहे, कारण तो चमचा जिनं स्वतःच्या नावावर घेतला ती शमीम दोन महिन्यांपूर्वी गेली. तिच्या मुलाचा, सलीमचा, फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाला. हातातली शेंग तशीच राहिली.

शमीम आणि मी शेळगावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती बारामतीला गेली, तिथं शिलाईचं दुकान टाकलं. ईश्वरीचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना रोबोची धास्ती. शमीम मात्र आमच्याबरोबर येऊन डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसली. "मशीन शिवणार, मग तुमी काय करणार?" डॉक्टर हसले. म्हणाले, रोबोचे हात मीच चालवतो, खाली पायडलही असतात. "पायडल हाय व्हय? मग कारागीर बघायचा, मशीन न्हवं. टाका दावा." त्यांनी सरावाची रबरी नळी आणून दिली, रोबोनं शिवलेली. शमीमनं टाक्यांवरून नख फिरवलं, गाठ ओढून पाहिली, आणि माझ्या मुलाला म्हणाली, "दत्ता, कर सही." ती नळी तिनं मागूनच घेतली.

तर त्या सकाळीही शमीम आमच्याबरोबर होती. स्ट्रेचर आलं. नर्सनं विचारलं, "काही खाल्लंय?" अर्चना ठामपणे म्हणाली, "पाण्याचा थेंबही नाही." चाकं हलली. शमीमची नजर आधी ईश्वरीच्या ओठावर गेली, मग माझ्या पिशवीवर.

"सुमन, काय दिलंस?"

"शकुनाचं... चमचाभर."

"सांग त्यांना."

"नंबर जाईल गं. गप बस."

स्ट्रेचर दारापाशी गेलं. "तू सांगतीस का मी सांगू?" मी पिशवीचं तोंड आवळून धरलं. दार उघडलं, आणि शमीम ओरडली, "थांबा! पोरीनं दही खाल्लंय. मी दिलं."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. भुलीत ते वर येऊन श्वासात गेलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं. दुसऱ्या मुलाला आधी आत नेलं. आमचं दुपारी, तेही जमलं तर. ते 'जमलं तर' मी सहा तास चावत बसले. अर्चनानं शमीमकडे पाठ फिरवली होती. दत्ता तिला बोलू नये ते बोलला. मी शेजारीच, ऐकत... गप्प.

शेवटी दुपारी आत घेतलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, नळी मोकळी झाली.

अर्चनानं पुढं शमीमकडे एकही ब्लाऊज टाकला नाही. मी एकदा शमीमला म्हटलं, सांगून टाकते घरी. तर म्हणाली, "तुझं तू ठरीव. मला गिऱ्हाइकं लय हायेत. तुला सून एकच हाय." मला हे सोयीचं वाटलं. पाच वर्षं सोयीचं वाटत राहिलं.

शमीमच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर सलीमनं मशीनच्या ड्रॉवरमधली ती रबरी नळी मला आणून दिली. त्या दिवशी मी ती अर्चनापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं नळी उचलली, टाक्यांवरून नख फिरवत राहिली. सोळा वर्षांची ईश्वरी मात्र माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली:

"आज्जे, दही माझ्याच तोंडात गेलं हुतं की! मला म्हाईत नसंल व्हय? शमीमआज्जी म्हणली हुती, तुझी आज्जी भित्री हाय, पर एक दिवस सांगंल. तवर तू काय बोलू नगंस."